डावी बाही, उजवी बाही

१

तिला सगळे मास्तरीण म्हणत. शिक्षण चौथीपर्यंतच, पण शिंप्याला मास्तर म्हणतात, मग शिवणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणणार. "पोरं न बडवणारी मास्तरीण आहे मी," असं ती स्वतःच सांगायची, आणि गिऱ्हाईक हसायला लागलं की त्याला सरळ उभं करून टेप टाकायची.

ती फक्त पांढरे कोट शिवायची. दवाखान्यातल्या सिस्टर, तपासणीच्या प्रयोगशाळांतल्या मुली, औषधाच्या दुकानातल्या बाया. जिन्याखालची एक खोली. खिडकीशी मशीन, मधे कटिंगचं टेबल, कोपऱ्यात कोट घालून बघायला पडदा लावलेला. पडदा उरलेल्या कापडाचा, म्हणून वीतभर तोकडा. आत उभ्या बाईची पावलं बाहेर दिसायची. भिंतीवर खिळ्याला खाकी कागदाचे कटिंग टांगलेले. ज्याने हे काम पाहिलेलं नाही त्याला गंमत वाटेल, पण कागदावर माणूस अर्धाच कापतात. अर्धी पाठ, अर्धी छाती, एक बाही. कापड दुमडून त्यावर कागद ठेवला की दुसरा अर्धा आपोआप निघतो.

सकाळी शटर वर, मशीनला तेलाचा थेंब, मग लॅपटॉप चालू. दोन वर्षांपूर्वी तिच्या धाकट्या दिराने तिला साइट काढून दिली होती. गिऱ्हाइकाने घरबसल्या ऑर्डर टाकायची, माप आधीचंच साठवलेलं. मास्तरीण रकाने वाचायची आणि कात्री चालवायची. जुन्या गिऱ्हाइकांना टेप लावणं तिने सोडलंच होतं.

त्या बुधवारी मोठ्या सिस्टरची ऑर्डर आली. अकरा वर्षांचं गिऱ्हाईक. खांदा, छाती, कंबर, उंची. पुढे बाही. आणि बाहीला दोन रकाने होते.

डावी, वीस. उजवी, साडेबावीस.

मास्तरीण चष्मा पुसून परत बघायला लागली. बाहीला दोन रकाने कोण करतं? जगात कुठला शिंपी विचारतो, बाई, तुमचा डावा हात केवढा आणि उजवा केवढा?

"ए चिमी, तू काही दाबलंस का यात?"

चिमी तिची मुलगी. बावीस वर्षांची, टेबलाच्या टोकाला बटणं लावत बसलेली. "मी कशाला दाबू? मी तर तुझ्या लॅपटॉपकडे बघतसुद्धा नाही. बघितलं की तू ओरडतेस."

"मग हे काय आहे?"

चिमीने वाकून बघितलं. "अपडेट आलं असेल."

"अपडेट आलं म्हणून बाईचा हात अडीच इंच तुटतो होय गं?"

तिने दोन्ही बाह्या साडेबावीसच्या कापल्या. यंत्राला अक्कल नसते, आपल्याला आहे.

२

गुरुवारी दुपारी मोठ्या सिस्टर आल्या, कोट घातला आणि पडद्याबाहेर येऊन डावा हात पुढे केला. बाही बोटांवरून खाली लोंबत होती.

"मास्तरीणबाई, म्हातारपण आलं का तुम्हाला? अकरा वर्षांत पहिल्यांदा चुकलात."

मास्तरीण जवळ गेली. टेप खांद्यावर ठेवून मनगटापर्यंत ओढला. वीस. उजव्या हाताला लावला. साडेबावीस. टेप उलटा करून परत. वीस. टेप खोटा असेल म्हणून टेबल मोजलं. टेबल होतं तेवढंच होतं.

"हा हात असा कधी झाला?"

"असा म्हणजे?"

"असा, आखूड."

सिस्टरांचा चेहरा उतरला. "मास्तरीणबाई, जन्मापासून आहे. इतकी वर्षं तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत, म्हणून तर मी तुमच्याकडे येते. आज काय झालं तुम्हाला?"

आता चूक कुणाची? मास्तरिणीला आपलीच लाज वाटली. असेल बाई. रोज दहा हात मोजतो आपण, कुणाचा कसा हे कुठे लक्षात राहतं. ती माफी मागणार होती, तेवढ्यात तिची नजर खुर्चीवर ठेवलेल्या जुन्या कोटावर गेली. तिनेच गेल्या वर्षी शिवलेला. डावी बाही दोनदा दुमडून वर केलेली. तिने हळूच घडी उलगडली. आतलं कापड बाहेरच्याइतकंच धुऊन धुऊन विटलं होतं. घडीची खूण कोरी होती, एका दिवसाची. आणि दोन्ही बाह्यांची टोकं सारखीच झिजलेली. वर्षभर दोन्ही बाह्या दोन्ही मनगटांना घासल्याशिवाय अशी झीज येत नाही.

"सिस्टर, ही घडी कधी घातली?"

"नेहमीच असते," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, स्वतःच्याच हाताकडे बघत, "असते ना?"

३

"वहिनी, बरं झालं तुम्हीच फोन केला," दीर म्हणाला. "मी करणारच होतो. कंपनीचं पत्र आलंय."

"कुठली कंपनी?"

"आपली साइट ज्यांच्या यंत्रावर राहते ती. असं समजा, मोठी चाळ आहे, त्यात हजारो साइटी भाड्याने राहतात. प्रत्येकाच्या दाराला आपापलं कुलूप. पण चाळीच्या मालकाकडे एक मुख्य चावी असते. ती चावी सांभाळायचं जे सॉफ्टवेअर आहे, त्यालाच भोक होतं. कुणीतरी त्यातून आत शिरलं."

"माझ्या साइटीत?"

"सगळ्यांच्याच. चौदा हजार साइटी आहेत, वहिनी. तुम्ही एकट्या नाही."

"चौदा हजार घरांत चोर शिरला म्हणून माझ्या घरातला चोर पाहुणा होतो का?"

"भोक बुजवलंय म्हणतात. कुणाचं काही गेलेलं नाही. पत्रात स्पष्ट लिहिलंय."

"गेलेलं नाही, भावजी. बदललंय. सिस्टरांचा हात बदललाय."

मग दीर हसला, लहान मुलाला समजावताना हसतात तसं. "साइटीवरचा आकडा बदलला असेल. तुमच्या जुन्या वहीत बघा आणि दुरुस्त करा. झालं."

मास्तरीण उसळली. "वह्या कुठे आहेत, भावजी? एकोणीस वह्या. कागदाचा जमाना गेला, वहिनी, असं म्हणून रद्दीवाल्याच्या हातगाडीवर कुणी ठेवल्या? मापाला दिलेले जुने कोट फाडून मशीन पुसायला घ्या, असं कोण म्हणालं?"

"मी म्हणालो, पण दिल्या तुम्हीच ना."

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणून ती जास्तच भडकली. तिने फोन ठेवला. माणसं तिच्यासमोर हात वर करून उभी राहायची, श्वास रोखून, विश्वासाने. तो विश्वास तिने न बघितलेल्या चाळीत नेऊन ठेवला होता, जिच्या कुलपाला भोक आहे हे चाळवाल्यालाच माहीत नव्हतं.

४

शुक्रवारी सकाळी तिने यादी उघडली. साडेतीनशे नावं. जी माणसं डोळ्यांसमोर येत होती त्यांचं एकेक बघत गेली. फरक मोठे नव्हते. कुणाची मान पाऊण इंच उंच. कुणाचा उजवा खांदा खाली. औषधाच्या दुकानातल्या बाईची पाठ दीड इंच कमी. चुकून बदलावं तसं नाही. कुणीतरी चवीने, सवडीने, एकेका माणसाला हात लावून गेलं होतं.

औषधाच्या दुकानातली बाई तासाभराने आलीच. जरा वाकून चालत होती. मास्तरिणीने तिचा कोट कालच नव्या आकड्यांनी कापला होता, न बघता. तो तिला असा बसला की बाई आरशासमोरून हलेना. "इतका छान कोट आजवर झाला नव्हता," म्हणाली.

"तुम्ही नेहमी अशाच वाकून चालता?"

"काय मास्तरीणबाई, चेष्टा करता. तरुणपणापासून आहे हे."

ती गेल्यावर मास्तरीण बराच वेळ मशीनवर बसून राहिली. हातात काम नव्हतं, तरी पाय मशीनच्या पॅडलवर हलत होता. कदाचित आपलंच डोकं फिरलं असेल. वय झालं, चष्म्याचा नंबर वाढला, माणसं होती तशीच आहेत. हे म्हणणं सोपं होतं. पण त्या झिजलेल्या बाह्यांना काय म्हणायचं? कापड खोटं बोलत नाही. कापडाला बोलताच येत नाही.

मग तिला सुचलं. चिमीचं पानही तिथेच होतं. साइट सुरू केली तेव्हा दिराने पहिलं पान म्हणून चिमीचंच भरलं होतं.

तिने ते उघडलं. आकडे ठीक होते. बाही डावी, साडेएकवीस. उजवी, साडेएकवीस. तिने श्वास सोडला. तेवढ्यात दिसलं की डाव्या रकान्यात एक बारीक उभी रेघ लुकलुकते आहे. आपण लिहायला बसलो की लुकलुकते तशी. मास्तरिणीचा हात मांडीवर होता.

पाच पुसलं गेलं. मग एक. मग दोन. रकान्यात, सावकाश, एक आकडा आला. एकवीस.

"आई," टेबलाच्या टोकाकडून चिमी म्हणाली, "ही सुई हातातून सारखी का निसटतेय गं?"

मास्तरिणीने झडप घालून साडेएकवीस लिहिलं. रेघ थांबली. ती बघत होती तोवर आकडा तसाच राहिला. डोळा लवला की रेघ परत लुकलुकायची. टेपचं एक टोक आपल्या हातात आणि दुसरं कुणीतरी ओढतंय, असं तिला वाटलं. आणि ओढणाऱ्याला घाई नव्हती.

पान पुसूनच टाकावं, असं एकदा मनात आलं. बोट पुसायच्या खुणेवर नेलं. मग ओढून घेतलं. पुसल्यावर काय होईल, हे तिला कोण सांगणार होतं?

५

कंपनीचा फोन चाळीस मिनिटांनी लागला. बाईचा आवाज गोड होता.

"आपली गैरसोय समजते, मॅडम."

"गैरसोय नाही. माणसं बदलतायत."

"नोंदी बदलल्या असतील तर काळजी नको. उद्या शनिवारी सकाळी दहा ते सव्वादहा आम्ही सगळं एकदा रिकामं करणार आणि बॅकअपमधून परत भरणार."

"रिकामं म्हणजे?"

"पूर्ण स्वच्छ. मग परत भरणार."

"बॅकअप कधीचा? चोर शिरायच्या आधीचा का नंतरचा?"

पलीकडे कळफलकाचा आवाज. "मंगळवारचा, मॅडम."

"चोर कधी शिरला?"

"सोमवारी."

"म्हणजे त्याने जे केलं तेच तुम्ही परत भरणार. तुमच्या हाताने."

"आमच्या तपासणीत कुणाचंही नुकसान झालेलं नाही."

"ऐक बाई. तुला मूलबाळ आहे का?"

"हे आम्हाला सांगता येत नाही, मॅडम."

"माझ्या मुलीचं एक पान आहे. तेवढं रिकामं करू नका. एक पान. पाया पड म्हणालीस तर पडते."

"एक पान वेगळं ठेवता येत नाही, मॅडम. आणखी काही मदत करू शकते का?"

मास्तरिणीने तिला जे सांगितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पलीकडून तितक्याच गोडीने दिवस चांगला जावो अशी शुभेच्छा आली.

६

चिमीला शनिवारीच अकरा वाजता प्रयोगशाळेत कामावर हजर व्हायचं होतं. पहिली नोकरी. सहा महिने अर्ज केले तेव्हा मिळालेली. मास्तरीण म्हणाली, जाऊ नकोस. चिमी म्हणाली, वेड लागलंय का तुला.

"मग दहा वाजता माझ्या डोळ्यांसमोर थांब. सव्वादहा झाले की जा."

"डोळ्यांसमोर काय, मांडीवर बसू का?"

मास्तरीण सकाळपासून तयारीत होती. भिंतीवरून चिमीच्या कोटाचा खाकी कागद काढून लॅपटॉपशेजारी पसरला होता. मास्तरिणीचं स्वतःचं अक्षर, शिसपेन्सिलीचे आकडे, तीन वर्षांपूर्वीचे. सगळ्या वह्या गेल्या, नावानिशी कापलेलं एवढंच उरलं होतं, खिळ्याला टांगलेलं होतं म्हणून. यांनी रिकामं केलं की आपण ताबडतोब भरायचं. त्यांच्या आधी. बघू कोण कुणाचं माप घेतं.

चिमीच्या नव्या कोटाला शेवटचं बटण लावून झालं. घड्याळात पावणेदहा होते.

"दे, घालून बघते," म्हणत चिमीने कोट घेतला. कोट घेताना तिचं उजवं मनगट दिसलं. त्यावर इस्त्रीच्या टोकाचा डाग होता, पिंपळपानाएवढा. चिमी चार वर्षांची असताना मास्तरिणीने इस्त्री टेबलाच्या कडेला ठेवली होती, एका गिऱ्हाइकाशी बोलायच्या नादात. तो डाग बघितला की अठरा वर्षांनीही तिच्या छातीत तेच चर्र व्हायचं. उजवं मनगट. विसरणं शक्यच नव्हतं.

चिमी पडद्याआड गेली. खाली दोन पावलं दिसत होती, उजव्या अंगठ्याचं नेलपॉलिश उडालेलं. तेवढं पुरे होतं. एक डोळा पावलांवर, एक डोळा लॅपटॉपवर.

नऊ बावन्नला चिमीच्या पानावरचे सगळे आकडे गेले.

यांना वेळ पाळण्याचीसुद्धा अक्कल नाही, हा विचार तिच्या मनात पूर्ण होण्याआधी पडद्यामागून आवाज आला.

"आई, ढगळ होतोय गं."

मास्तरिणीने पडद्याकडे बघितलं. पडद्याखाली फरशी होती. नुसती फरशी.

७

ती उठली नाही. उठून पडदा सारला असता तर काय दिसलं असतं, हे तिला बघायचं नव्हतं, आणि बघितलं असतं तर हात चालले नसते. तिने कागदावर बोट ठेवलं आणि लिहायला सुरुवात केली.

"उभी राहा सरळ," ती म्हणाली. गिऱ्हाइकाला म्हणते त्याच आवाजात.

"उभीच आहे." आवाज जवळून आला, मग लांबून, मग टेबलाच्या उंचीवरून.

उंची. लिहिली. पडद्याखाली काहीतरी टेकलं. तिने बघितलं नाही. छाती, कंबर, पाठ. पाठ कागदावर अर्धी होती, तिने दुप्पट केली. खांदा, दुप्पट. दर आकड्याला आतला श्वास जरा भरीव होत होता. वर रेघ लुकलुकत होती, तिचे आकडे पुसायला बघत होती, ती परत लिहीत होती. शिव्या देत होती. चौथी शिकलेल्या बाईच्या बोटांना एवढी घाई कधी जमली नव्हती.

"आई, कुणाशी भांडतेस?"

"तू हलू नकोस."

बाही, उजवी. साडेएकवीस. बाही, डावी.

कागदावर बाही एकच होती. एकच असते. तिने तोच आकडा लिहिला.

मग खाली नवे रकाने उघडायला लागले. मनगट डावं, मनगट उजवं. तळहात डावा, तळहात उजवा. बोटं, एकेक. कान. कानापासून डोळा. असलं माप कुठला शिंपी घेतो? कागदावर नव्हतं. पण लेकीच्या उजव्या बाजूला झोपून तिने वर्षानुवर्षं तिला थोपटलं होतं, ती बाजू तिच्या हाताला पाठ होती. डोळे मिटून, वीत आणि बोट आठवून, तिने एकेक उजवा रकाना भरला. डाव्या रकान्यापाशी हात क्षणभर थांबायचा. घड्याळ दहाला आलेलं. डावीकडे ती तेच लिहीत गेली. कापड दुमडावं तसं.

दहा वाजून तीन मिनिटांनी रेघ लुकलुकायची थांबली. पानावर हिरवी खूण आली.

फोन वाजला. रेकॉर्ड केलेली बाई. "आपली तक्रार मिटली असल्यास एक दाबा."

पडद्याच्या कड्या सरकल्या. चिमी बाहेर आली. दोन पावलं, दोन हात, तशीच हसरी. कोट असा बसला होता की मास्तरिणीने आयुष्यात तसा कोट शिवला नव्हता. तिने लेकीला धरलं, दंड चाचपले, पाठ चाचपली, आणि तिला रडू फुटलं.

"अगं, प्रयोगशाळेत चाललेय, सासरी नाही. बाह्यांची बटणं लाव."

चिमीने दोन्ही हात पुढे केले.

उजव्या मनगटावर इस्त्रीचा डाग होता. पिंपळपानाएवढा, टोक अंगठ्याकडे.

डाव्या मनगटावरही होता. तेवढाच. टोक अंगठ्याकडे.

मास्तरिणीने वर बघितलं. चिमीचा चेहरा बघितला, आणि तिच्या लक्षात आलं की उजवा गाल बघून झाल्यावर डाव्यात बघायला नवं काही नव्हतं. दोन्ही पायांच्या अंगठ्यांचं नेलपॉलिश सारखंच उडालेलं होतं.

"हा डाग," ती म्हणाली, "डावा. हा कधीचा?"

"आई." चिमी हसली. दोन्ही ओठांची टोकं एकाच वेळी, एकसारखी वर गेली. "मीच सांगायचं का तुला? दोन्ही हातांनी इस्त्री धरली होती ना मी."

ती पर्स घेऊन गेली. जिन्याजवळ वळून तिने हात हलवला. कुठला, ते मास्तरिणीला नंतर आठवेना.

फोनवरची बाई अजून बोलत होती. एक दाबा, एक दाबा. मास्तरिणीने फोन मशीनच्या खणात टाकला आणि खण आपटला. समोरच्या दुकानातून एक वही आणली, एकरेघी, शंभरपानी. पहिल्या पानावर शिसपेन्सिल इतकी दाबून लिहिलं की कागद फाटायला आला.

चिमी. भाजल्याचा डाग. उजवं मनगट. एकच.

मग ती पेन्सिल हातात धरून त्या ओळीकडे बघत बसली. इस्त्री, टेबलाची कडा, गिऱ्हाइकाचं बोलणं, किंकाळी, सगळं लख्ख आठवत होतं. तिने धावत जाऊन पोरीचा हात पाण्याखाली धरला होता, हेही आठवत होतं.

हात. का दोन्ही हात.

तिने खोडरबर शोधायला खण उघडला, आणि आपण काय शोधतोय हे लक्षात येताच तो इतक्या जोरात बंद केला की टेबलावरची कात्री खाली पडली.